पहिल्या रिपोर्टात 'नो ग्रोथ', दुसऱ्यात फ्युजोबॅक्टेरियम. मग खरा कोणता?

मानेवाड्याचा_मामा:

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. वय सहा, सध्या नागपुरात धंतोलीत ॲडमिट. आता धोका टळला म्हणतात, पण डोक्यातला गोंधळ टळत नाही, म्हणून लिहून राहिलो.

पोळ्याच्या आधी त्याला सर्दी झाली. पावसाचे दिवस, शाळेत अर्धा वर्ग शिंकत होता, कोणी मनावर घेतलं नाही. मग उजवा कान ठणकायला लागला. रात्रभर रडला आणि सकाळी उशीवर पू. आई म्हणाली, कान फुटला, आता ठणका कमी होईल. झालाही. घराजवळच्या डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिनचं सिरप दिलं. तरी कान वाहायचा थांबेना आणि वासही घाण यायला लागला, तेव्हा त्यांनी कानातून काडी फिरवून ती कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पाठवली. रिपोर्ट आला, ४८ तासांनंतर नो ग्रोथ. आम्हाला वाटलं जंतूच नाही, चला सुटलो.

तान्ह्या पोळ्याला पोट्टा धोतर-टोपी घालून लाकडी बैल घेऊन तयार बसला, पण गल्लीत गेलाच नाही. हुडहुडी भरून ताप, १०४ पर्यंत. घाम येऊन उतरायचा, संध्याकाळी परत तेच. कानामागे सूज, इतकी की कान पुढे आल्यासारखा दिसत होता. त्यात म्हणे, "मामा, तू दोन-दोन दिसून राहिला." मग मात्र आमचे पाय गळाले.

एमआरआय केला, सोबत शिरांचाही. कानामागचं मस्टॉइडचं हाड पुवानं भरलेलं आणि त्याला लागून मेंदूतलं रक्त खाली नेणारी जी शीर आहे, सिग्मॉइड सायनस, तिच्यात गुठळी. त्याच रात्री ऑपरेशन. हाड उघडून पू काढला, कानाच्या पडद्यात ग्रोमेट, म्हणजे छोटी नळी, टाकलं. तो पू परत कल्चरला गेला आणि बऱ्याच दिवसांनी रिपोर्ट आला: फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. नाव वाचतानाच आमच्या आईनं पदर तोंडाला लावला.

सध्या सेफ्ट्रायॅक्झोन आणि मेट्रोनिडॅझोल शिरेतून चालू आहे आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन मांडीत. जावई पहिल्या लॅबवाल्याशी भांडायला निघून राहिले. मी त्यांना कसंबसं थांबवलं, पण खरं सांगा, एकाच कानाचे दोन रिपोर्ट असे वेगळे कसे? मेट्रोनिडॅझोल तर आपण जुलाबाला घेतो, ते मेंदूजवळच्या गुठळीला कसं चालतं? आणि नुकतं ऑपरेशन झालेल्या पोराचं रक्त पातळ करायचं, हे काय गणित आहे? राउंडला डॉक्टर सांगतात, पण तेव्हा आम्ही नुसत्या माना डोलावतो.

जवसाचं_फूल:

मामा, देवाच्या कृपेनं वाचला पोरगा. आमच्याकडे कान वाहिला की जवसाच्या तेलात लसूण कडकवून कोमट दोन थेंब टाकतात. आता टाकायला हरकत नसावी. माझ्या दोन्ही मुलांना गुण आला होता.

जुना_स्लाइडवाला:

फूलताई, आधी तुमचं. हरकत आहे. त्या पोराच्या पडद्याला भोक आहे, त्यात ग्रोमेटची नळी आहे आणि मागचं हाड उघडलेलं आहे. टाकलेलं तेल थेट आत जाईल. काहीच टाकू नका, डॉक्टरांनी लिहिलेले थेंब सोडून. तुमच्या मुलांना गुण आला तो बहुधा आपोआप. फुटलेले बरेचसे कान आपोआपच भरतात, श्रेय लसणाला जातं.

आता मामा. मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्याच्या मायक्रोबायोलॉजीत टेक्निशियन होतो, सारी नोकरी पू, थुंकी आणि लघवीत गेली. त्यामुळे डोस वगैरे मला विचारू नका, पण रिपोर्टाचं सांगतो. तुमचे दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. पहिला रिपोर्ट हातात घ्या आणि वर मथळा वाचा. 'एरोबिक कल्चर' असं लिहिलेलं असेल. म्हणजे हवेत वाढणारे जंतू शोधले, ते सापडले नाहीत. एवढंच त्याचं म्हणणं आहे. 'जंतू नाहीत' असं त्यानं कुठंच म्हटलेलं नाही, ते तुम्ही वाचलं. तुम्हीच नाही, मी मोठमोठ्या डिग्रीवाल्यांना तसं वाचताना पाहिलंय.

हा फ्युजोबॅक्टेरियम ऑक्सिजनमध्ये वाढतच नाही. राहतो कुठे? आपल्या घशात, हिरड्यांच्या फटीत. घशातून कानाच्या मधल्या भागात एक नळी जाते, सर्दीत ती सुजून बंद होते. बंद पोकळी, आत पू, असलेला ऑक्सिजन बाकीचे जंतू खाऊन टाकतात आणि या पठ्ठ्याला हवं तसं घर मिळतं. कान बिघडवणारे नेहमीचे गडी वेगळे: न्यूमोकॉकस, हिमोफिलस, मोराक्सेला. जुनाट वाहणाऱ्या कानात स्युडोमोनास, स्टॅफ, प्रोटियस. हे सगळे नेहमीच्या ब्लड किंवा चॉकलेट अगरच्या प्लेटवर (जंतू वाढवायच्या थाळीवर) दुसऱ्या दिवशी हजर. फ्युजोबॅक्टेरियमला मात्र हवाबंद जार लागतो. आमच्या वेळी मॅकिंटोशचा जार होता, नंतर पुडी टाकली की स्वतःच ऑक्सिजन शोषणारे आले. आणि ४८ तासांत आम्ही तो जार उघडायचोही नाही! लवकर उघडला की हवा आत, जे थोडंफार वाढायला लागलं असेल तेही खलास. तुमच्या पहिल्या लॅबचा रिपोर्ट जेव्हा सही होऊन बाहेर पडला, तेव्हा हा जंतू जारमध्ये असता तरी नीट दिसला नसता.

दुसरी गोष्ट काडीची. माझा जुना राग आहे या काडीवर. कापसाचा स्वॅब म्हणजे थेंबभर पू आणि बाकी सगळी हवा. तो कोरडा होत होत लॅबमध्ये येतो, बऱ्याचदा कुणाच्या तरी स्कूटरच्या डिक्कीतून. आपल्या नागपुरात मे महिन्यात इनक्युबेटर ३७ वर असायचा आणि खोली त्याच्याही वर, कारण साधा इनक्युबेटर फक्त गरम करतो, थंड करू शकत नाही. बंद खोलीत एक कुलर, तोही आमच्याकडे नाही, मशीनकडे तोंड करून. असो. ऑपरेशनच्या वेळी सर्जननं सिरिंजमध्ये पू ओढला असणार, हवा बाहेर काढून तोंड बंद केलं असणार आणि फ्रिजमध्ये न ठेवता लगेच पाठवला असणार. या जंतूंना फ्रिजही मानवत नाही. नमुना असा आला की अर्धं काम झालं. बाकीचं काम शिजवलेल्या मांसाच्या माध्यमाचं, जारचं आणि धीराचं. हल्ली माल्डी-टॉफ मशीन आहे, एकदा वसाहत उगवली की नाव काही मिनिटांत सांगतं. आम्ही ते वासावर ओळखायचो. प्लेट उघडली की खवट लोण्याचा भपका. तुमच्या घरी कानाला वास येत होता म्हणता ना, तोच. (कानाचा घाण वास हाड कुरतडणाऱ्या कोलेस्टिॲटोमातही येतो, म्हणून वास आला म्हणजे हाच, असं नाही.)

रक्ताचंही तसंच. मोठ्या माणसाचं रक्त कल्चरला दोन बाटल्यांत घेतात, एक हवेची, एक बिनहवेची. लहान मुलाचं रक्त मुळात कमी, म्हणून बहुतेकदा एकच छोटी बाटली, हवेची. म्हणजे ज्याच्यात हा सापडायला हवा त्याच्याच नशिबी ती बिनहवेची बाटली नसते. विचारा, तुमच्या भाच्याच्या रक्तात काही निघालं होतं का. बहुधा नसेल.

मेट्रोनिडॅझोलचं सांगतो, हा माझा आवडता विषय आहे. हे औषध स्वतः फारसं काही करत नाही. ज्या पेशीत ऑक्सिजनशिवाय कारभार चालतो, तिच्या आत गेल्यावरच त्याचं रूपांतर होतं आणि ते तिचा डीएनए तोडतं. अमीबा आणि जिआर्डिया तशाच पेशी, म्हणून आपण त्याला जुलाबाची गोळी म्हणतो. सुरुवातीला ते स्त्रियांच्या ट्रायकोमोनासच्या संसर्गाला देत. १९६२ मध्ये इंग्लंडात अशाच एका बाईच्या सडलेल्या हिरड्या ते घेताना बऱ्या झाल्या, तेव्हा लक्षात आलं की हवा न लागणाऱ्या जंतूंवरही ते चालतं. आणि त्या हिरड्यांत कोण असतं? हेच फ्युजोबॅक्टेरियमचं खानदान. शिवाय ते मेंदूपर्यंत आणि पुवाच्या पोकळीत छान पोचतं. लॅबमध्ये आम्ही जारच्या प्लेटवर मेट्रोनिडॅझोलची पाच मायक्रोग्रॅमची चकती ठेवायचो, तिच्याभोवती मोकळं रिंगण दिसलं की कळायचं, बिनहवेचा कोणीतरी आहे. तोंडात धातूसारखी चव येते त्यानं, पोरगा जेवायला नाही म्हणत असेल तर तेही कारण असू शकतं.

ॲझिथ्रोमायसिनच्या घराण्याला मात्र हा जंतू फारसा जुमानत नाही. यावरून पहिल्या डॉक्टरांना धरू नका. रोज कान फुटलेली मुलं बघणाऱ्या माणसाला उभ्या आयुष्यात हा जंतू एकदा भेटला तरी पुष्कळ. गुरांचे डॉक्टर याला आपल्यापेक्षा चांगलं ओळखतात. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात कुणाला विचारा, गाईच्या खुरातली सड आणि यकृतातले गळू म्हटलं की पहिलं नाव हेच घेतील.

मामा, एक काम करा. पहिल्या रिपोर्टात कल्चरच्या वर ग्रॅम स्टेनची (पू काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याची) एक ओळ असेल. ती जशीच्या तशी इथं लिहा.

मानेवाड्याचा_मामा:

काकाजी, फाइल ताईजवळ होती, आत्ता फोटो मागवला. मथळा तुम्ही म्हणालात तोच. ग्रॅम स्टेन: "पस सेल्स भरपूर. ग्रॅम निगेटिव्ह बॅसिली दिसले." आणि त्याच्या खाली नो ग्रोथ. आता हे काय? दिसले आणि वाढले नाहीत?

जुना_स्लाइडवाला:

हेच. काचेवर मेलेला, जिवंत, हवेचा, बिनहवेचा, सगळे रंगतात. प्लेटवर फक्त ज्याला ती मानवते तो वाढतो. काचेवर भरपूर पू आणि जंतू, प्लेट कोरी, असं जमलं की टेक्निशियनच्या डोक्यात दोन शंका यायला हव्यात: अँटिबायोटिकनं अर्धमेले झालेत किंवा बिनहवेचे आहेत. तुमच्या बाबतीत अँटिबायोटिक आधीच चालू होतं, त्यामुळे पहिली शंकाही खोटी नव्हती. पण कानाच्या पुवात असे दांडके (बॅसिली म्हणजे दांड्याच्या आकाराचे जंतू) बहुधा स्युडोमोनासचे असतात आणि स्युडोमोनास ॲझिथ्रोमायसिनला भीक घालत नाही, तो प्लेटभर हिरवा पसरला असता. तो नाही. म्हणजे मग कोण?

आमचे एक सर होते, अशा वेळी रिपोर्ट टाइप करायच्या आधी वॉर्डात फोन लावायचे. "तुमच्या पेशंटचा परत नमुना पाठवा, सिरिंजमध्ये." रिपोर्टात त्या फोनला रकाना नसतो. जावयांना लॅबमध्ये जायचंच असेल तर जाऊ द्या, पण भांडायला नको. एवढंच विचारू द्या की ग्रॅम आणि कल्चर जुळलं नाही तेव्हा डॉक्टरांना कळवलं होतं का. चांगली लॅब असेल तर पुढच्या वेळी कळवेल.

रात्रपाळी_ईएनटी:

मी ईएनटीची रेसिडेंट आहे, ड्युटीवर आहे, तुटक लिहिते. काकांनी लॅबचं सांगितलं, मी गुठळीचं सांगते.

मस्टॉइडचं हाड आतून पोकळ-पोकळ असतं, लहान लहान हवेच्या खोल्या. त्याच्या मागच्या भिंतीला लागूनच सिग्मॉइड सायनस. मधलं हाड अगदी पातळ. पू तिथं पोचला की शिरेची भिंत सुजते आणि आत गुठळी धरते. फ्युजोबॅक्टेरियम त्यात भर घालतो, कारण तो प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटवतो. तरुण मुलांत हाच जंतू घशातून मानेच्या मोठ्या शिरेत जातो आणि तिथून गुठळीचे तुकडे फुप्फुसात. आंद्रे लेमिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १९३६ मध्ये ते सविस्तर लिहिलं, म्हणून लेमिएर सिंड्रोम. लहान मुलांत सुरुवात घशाऐवजी बहुतेक कानातून होते. हुडहुडी भरून चढणारा आणि घाम येऊन उतरणारा ताप त्याचाच. तुमच्याकडे छातीचा फोटो काढला असेल तो याचसाठी.

दोन-दोन दिसणं: डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस आहे. ती दोन कारणांनी दबते. शीर बंद झाल्यानं डोक्यातला दाब वाढतो, हे एक. दुसरं, कानाच्या आतल्या टोकाच्या हाडात, पेट्रस एपेक्समध्ये, संसर्ग गेला तर. कान वाहणे, डोळ्यामागे दुखणे आणि डोळा आत वळणे हे त्रिकूट ग्रॅडेनिगोंनी १९०४ मध्ये वर्णन केलं. तुमच्या मुलाचं कोणतं, ते त्याचा एमआरआय आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी सांगेल. डोळ्यांच्या डॉक्टरांना परत दाखवायची तारीख चुकवू नका, दाब राहिला तर नजर जाऊ शकते. नस बहुतेक मुलांत हळूहळू परत येते, आठवडे ते महिने. तोवर एका डोळ्यावर पट्टी लावायची का ते त्यांनाच विचारा.

रक्त पातळ करण्याबद्दल आमच्यातच एकमत नाही. आजार इतका दुर्मीळ की मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्याच नाहीत. काही जण म्हणतात, पू काढला आणि अँटिबायोटिक दिलं की पुरे. बरेच जण गुठळी पुढे सरकू नये, मानेत किंवा दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून इंजेक्शन देतात, विशेषतः डोक्यातला दाब वाढलेला असेल तर. आधीची गुठळी ते विरघळवत नाही, ती शरीर स्वतः विरघळवतं. ऑपरेशननंतर किती तासांनी सुरू करायचं हे सर्जन जखम बघून ठरवतात. मांडीतलं ते बहुधा एनॉक्सॅपॅरिन असेल. वजनावर डोस असतो, मूल वाढलं-घटलं तर बदलतो. साधारण तीन महिने, मग परत एमआरव्ही, म्हणजे शिरांचा एमआरआय. या काळात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नका, तापाला पॅरासिटामॉल. अँटिबायोटिकही आठवड्यांच्या हिशेबात चालतं, ताप गेला म्हणून 'आता घरी सोडा' असा आग्रह धरू नका.

घरी गेल्यावर परत हुडहुडी, उलट्या, सुस्ती, झटका, मान आखडणे, नजर अंधुक होणे, नाकातून किंवा कानातून लाल रक्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

बोलावणं आलं. जाते.

वाडीची_वैनी:

माझा जंतू वेगळा, गोष्ट तीच, म्हणून लिहिते. माझा डावा कान कितीतरी महिने वाहत होता. दुखत मात्र अजिबात नव्हतं, म्हणून मीही थेंब टाकत राहिले. कल्चर केलं की नो ग्रोथ, नाहीतर काहीतरी किरकोळ. ऐकायला मात्र झपाट्यानं कमी. मग एक दिवस चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला. आरशात बघते तर अर्धा चेहरा उतरलेला.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं. दुर्बिणीतून बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, पडद्याला एकापेक्षा जास्त भोकं आहेत आणि आत फिकट मांस वाढलंय. त्यांनी काडी वापरलीच नाही, त्या मांसाचा तुकडा काढून सीबीनॅटला (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) आणि बायोप्सीला पाठवला. टीबी निघाला. कानाचा टीबी असतो हे मला तेव्हा कळलं. काका सांगतील, साध्या प्लेटवर तो जन्मात उगवत नाही.

गोळ्या सरकारी, मोफत, सहा महिने, रोज. पोषणाचे पैसे खात्यात येतात, आता महिन्याला हजार. चेहरा जवळपास सरळ झाला, हसताना थोडा दगा देतो. ऐकू मात्र पूर्ण आलं नाही, त्या बाजूनं कुणी बोललं तर मी मान वळवते. कुणाचा कान न दुखता महिनोन्महिने वाहत असेल तर त्यानं नो ग्रोथवर समाधान मानू नये, म्हणून लिहिलं.

जुना_स्लाइडवाला:

वैनी बरोबर बोलल्या. टीबीच्या जंतूला अंड्याचं माध्यम लागतं, लोवेनस्टाइन-जेन्सन, आणि आठ आठवड्यांपर्यंत वाट. कानाच्या पुवात तो इतका विरळ असतो की स्लाइडवरही बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून तुकडा. त्या मॅडमना माझा नमस्कार.

मानेवाड्याचा_मामा:

काकाजी, डॉक्टर ताई, वैनी, सगळ्यांचे आभार. हा सगळा धागा मी ताईला वाचून दाखवला. जावयांनी लॅबचा फोन नंबर घेतलाय, आवाज खाली ठेवून बोलतो म्हणाले, बघू. पोरगा आज खिडकीतून मेट्रो मोजत होता, दोन दिसतात का विचारलं तर म्हणे "लांबची दोन, जवळची एक."

एकच राहिलं. त्याची धाकटी बहीण तीन वर्षांची, तिलाही सर्दी झाली आहे. तिला हे लागेल का? दोघांना वेगळं झोपवायचं का, ताट-वाटी वेगळी करायची का? आणि तिला आधीच मेट्रोनिडॅझोल देऊन ठेवावं का?

जुना_स्लाइडवाला:

नाही, नाही आणि नाही. हा साथीचा जंतू नाही, असे जंतू आपापल्या घशात मुक्कामाला असतातच. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. औषध आधीच देऊन काही साधणार नाही, उलट पोट बिघडेल. तिची सर्दी ही सर्दीच समजा. कान दुखला, वाहिला, ताप दोन दिवसांत उतरला नाही किंवा कानामागे सूज दिसली तर मात्र थेट कानाच्या डॉक्टरांकडे, आणि घरात भावाला काय झालं ते दारातच सांगा. आणि नमुना घ्यायची वेळ आलीच, तर विचारा की बिनहवेच्या कल्चरलाही पाठवता येईल का.